एकट्याने स्ट्रॅटेजी गेम घडवताना: चौकटीच्या वहीपासून स्टीमपर्यंत

व्यूहरचनेचे खेळ, ज्यांना आपण सर्रास स्ट्रॅटेजी गेम म्हणतो, एकट्या माणसाच्या आवाक्यात येतात, कारण त्यांचा जीव खेळणाऱ्यासमोर उभ्या राहणाऱ्या निवडीत असतो आणि निवड रचायला कागद, पेन्सिल व चिकाटी एवढे भांडवल पुरते. अडचण येते ती आकाराची. माझ्या पहिल्या खेळात अख्ख्या दख्खनचा नकाशा होता, सहा राज्ये होती आणि धान्यापासून तोफेच्या दारूपर्यंत चौदा प्रकारची साधने होती. नोकरी सांभाळून दोन वर्षे रात्री जागून मी तो करत राहिलो, आणि त्या दोन वर्षांत एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक डाव खेळता येईल अशा स्थितीला तो आला नाही. पुढे जी पद्धत सांगितली आहे, ती त्या फसलेल्या खेळानंतर हळूहळू बसवलेली आहे.

एक निर्णय आधीच घेऊन टाकावा, तो म्हणजे खेळ पाळीपाळीने खेळण्याचा असावा. सतत चालू घड्याळावर खेळल्या जाणाऱ्या खेळात शेकडो सैनिक एकमेकांत न अडकता कसे चालतील, त्यांच्या हालचाली डोळ्यांना सलग कशा दिसतील आणि दोन संगणकांवर एकच क्षण कसा राखता येईल, असे प्रश्न पहिल्याच महिन्यात अंगावर येतात. पाळीच्या खेळात हे प्रश्न बहुतेक उरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे असा खेळ संगणकाशिवायही तपासता येतो.

आधी खेळावे, पण वही उघडी ठेवून

ज्याला असा खेळ करायचा आहे, त्याने दोन-तीन महिने दुसऱ्यांचे खेळ विद्यार्थ्यासारखे खेळावेत. जिंकण्यासाठी खेळणे वेगळे आणि शिकण्यासाठी खेळणे वेगळे. प्रत्येक पाळीला एकच नोंद करावी: या पाळीत माझ्यासमोर खरोखर किती पर्याय होते, आणि त्यांतला एक सोडताना मला काय गमवावे लागले? सलग पाच पाळ्या 'पर्याय एकच' असे लिहावे लागले, तर त्या ठिकाणी खेळ पातळ झाला आहे असे समजावे.

अभ्यासासाठी 'इन्टू द ब्रीच' हा २०१८ सालचा खेळ मी सर्वांत वर ठेवीन. तो सबसेट गेम्स या लहानशा चमूचा आहे. जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी तिची सुरुवात केली आणि त्यांचा आधीचा 'एफटीएल' २०१२ साली आला होता. 'इन्टू द ब्रीच'चा पट बुद्धिबळाइतकाच, आठ बाय आठ घरांचा आहे, खेळणाऱ्याकडे तीन यंत्रे असतात आणि बहुतेक लढती पाच पाळ्यांच्या आसपास आटोपतात. शत्रू पुढच्या पाळीला कुठे घाव घालणार, हे तो आधीच दाखवतो, त्यामुळे खेळणाऱ्यासमोरचा प्रश्न 'काय होईल' यावरून 'होणारे कसे वळवू' यावर येतो. शत्रूला एक घर ढकलले, की त्याचाच घाव त्याच्या साथीदारावर पडतो. आकडे जवळजवळ सगळे एक अंकी असल्यामुळे हिशेब मनातल्या मनात होतो, आणि एवढ्या तुटपुंज्या सामग्रीतून इतकी गुंतागुंत कशी निघते, हे पाहणे हाच अर्धा अभ्यास आहे.

दुसरा खेळ 'बॅटल फॉर वेस्नॉथ'. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त स्रोत खेळ फुकट मिळतो आणि त्याचे आतले कामकाजही वाचता येते. षट्कोनी घरे, प्रत्येक भूभागानुसार बदलणारे संरक्षण आणि दिवस-रात्रीचा फेरा ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. काही पथके दिवसा २५ टक्क्यांनी बळकट होतात व रात्री तितकीच दुबळी होतात, तर काहींचे उलट असते, त्यामुळे 'आज थांबावे की पुढे जावे' हा प्रश्न नुसत्या सूर्यास्तामुळे जिवंत राहतो. तिसरा खेळ 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया'. मिडजिवान या स्वीडिश चमूने तो २०१६ साली मोबाइलसाठी आणला. त्याच्या एका प्रकारात डाव ३० पाळ्यांतच संपतो. साम्राज्य उभारण्याच्या अवाढव्य कल्पनेला किती कात्री लावता येते, हे त्यातून शिकावे.

कागदावरचा पट

आता स्वतःचा खेळ. शाळेत गणिताला असते तशी चौकटीची वही, चार रंगांची बटणे आणि एक फासा एवढे सामान घ्यावे. पुढचे सगळे टप्पे एकाच उदाहरणावर दाखवतो.

कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरकडे जाणारी जुनी व्यापारी वाट नाणेघाटातून चढते. तिथल्या लेण्यात सातवाहनांचे शिलालेख आहेत, आणि माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. या वाटेवर मी एक छोटा खेळ बेतला. पट सात घरे रुंद आणि नऊ घरे लांब आहे. तळाच्या ओळीत चार बैल, प्रत्येकाच्या पाठीवर एक गोणी, आणि त्यांच्यासोबत दोन रखवालदार असतात. वरच्या झाडीत तीन लुटारू असतात. काही घरांत कातळ असल्याने तिथून जाता येत नाही. ओझ्याचा बैल एका पाळीत एक घर चालतो, तर रखवालदार आणि लुटारू दोन घरे चालतात. लुटारू बैलाशेजारी पोहोचला, की पुढच्या पाळीला गोणी उचलून पटाबाहेर पळतो. रखवालदार त्याच्या शेजारी गेला, तर त्याला एक घर मागे रेटतो. बैलाची गोणी खाली टाकता येते, आणि मोकळा बैल दोन घरे चालतो. किमान दोन गोण्या माथ्यावर पोहोचल्या, तर डाव जिंकला.

पहिल्या दिवशी मी वीस पाळ्यांची मुदत ठेवली होती. तिसऱ्या डावातच लक्षात आले, की दोन्ही रखवालदार कातळांमधल्या अरुंद घरात उभे करून लुटारूंना रेटत बसले, की काहीच बिघडत नाही. एकच चाल सर्वांत चांगली ठरत असेल, तर बाकीचे नियम नुसते सजावटीचे उरतात. उपाय नवा नियम घालण्याचा नव्हता. तळापासून माथ्यापर्यंत बैलाला आठ पाळ्या लागतात, म्हणून मुदत दहावर आणली. वाया घालवायला दोनच पाळ्या उरल्या, आणि 'थांबून रेटावे की गोणी टाकून पळावे' हा प्रश्न प्रत्येक वळणावर उभा राहिला. कागदावर हा बदल करायला एक खोडरबर पुरले. संगणकाचा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर हेच सापडले असते, तर आठवडा गेला असता.

कागदावर निदान वीस डाव व्हावेत, आणि त्यांतले दहा तरी दुसऱ्या माणसाबरोबर व्हावेत. या टप्प्यावर नवा नियम सुचला, तर त्याच्या बदल्यात जुना कोणता काढणार, हे आधी ठरवावे.

नशिबाचा वाटा

फासा कुठे टाकायचा, यावर खेळाचा स्वभाव ठरतो. नशीब निर्णयाच्या आधी येऊ शकते, जसे की डावाच्या सुरुवातीला कातळ कुठे पडले. किंवा निर्णयानंतर येऊ शकते, जसे की वार लागला की हुकला. पहिल्या प्रकारात खेळणारा समोर आलेल्या परिस्थितीला तोंड देतो, तर दुसऱ्यात त्याची बरोबर चालही फसू शकते. वेस्नॉथमध्ये जादूचा वार ७० टक्के वेळा लागतो. मांत्रिकाचे तीन वार असतील, तर तिन्ही हुकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३ गुणिले ०.३, म्हणजे २.७ टक्के येते. ऐकायला हे नगण्य वाटते, परंतु सरासरी ३७ लढतींमागे एकदा ते घडते, आणि एका मोहिमेत त्याहून कितीतरी जास्त लढती होतात. खेळणारा ती एकच लढत लक्षात ठेवतो आणि खेळ लबाड आहे असे म्हणतो.

एकट्याने खेळ करणाऱ्याने पहिल्या प्रकाराचे नशीब निवडावे असे माझे मत आहे. दुसऱ्या प्रकाराचा तोल साधण्यासाठी फार मोठ्या संख्येने डाव तपासावे लागतात, आणि तेवढी माणसे आपल्याजवळ नसतात.

संगणकावर उतरवताना

खेळ बनवण्याचे साधन (गेम इंजिन) म्हणून नवख्याला मी गोडो सुचवतो. ते मुक्त स्रोत आहे, एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली मिळते आणि खेळाच्या कमाईत वाटा मागत नाही. युनिटीही समर्थ आहे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने खेळाच्या प्रत्येक स्थापनेमागे (इन्स्टॉलमागे) शुल्क लावण्याची घोषणा केली व पुढच्या वर्षी ती मागे घेतली. त्या काळात स्वतंत्रपणे खेळ करणाऱ्या अनेकांनी आपले काम दुसऱ्या साधनावर हलवले. साधन कोणतेही घ्या, पण अर्धा खेळ झाल्यावर ते बदलू नका.

प्रोग्रॅम लिहिताना पाळायचा मोठा नियम असा, की खेळाची स्थिती आणि खेळाचे चित्र वेगवेगळे ठेवावे. पट, सोंगट्या, कोणाची पाळी आणि कितवी पाळी एवढी माहिती एका जागी असावी, आणि चित्राचा कोणताही उल्लेख न करता तिच्यावर पूर्ण डाव चालवता यावा. बैल पडद्यावर डुलत डुलत चढतो, ते स्थितीत आधीच झालेल्या बदलाचे फक्त दर्शन असते. हे पथ्य पाळले, की तीन गोष्टी फारशा कष्टाशिवाय मिळतात. प्रत्येक चाल नोंदवून ती उलटी फिरवता येते, म्हणजे चाल मागे घेण्याची सोय होते; डाव जतन करता येतो; आणि चित्राशिवाय हजारो डाव आपोआप खेळवता येतात.

घरांचे गणित आधी पक्के करावे. चौकोनी पटावर तिरके चालता येते की नाही, यावरून सगळे बदलते: आठ बाय आठच्या पटावर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरके न चालता जायला १४ पाळ्या लागतात, तर तिरके चालून सातच लागतात. षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असल्याने हा वाद मिटतो, मात्र नकाशा रंगवणे थोडे किचकट होते. सोंगटी कुठवर जाऊ शकते हे दाखवण्यासाठी तिच्या घरापासून पाण्यासारखे शेजारच्या घरांत पसरत जावे आणि एका पाळीत चालता येतील तेवढी घरे संपली, की थांबावे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जवळची वाट शोधण्यासाठी १९६८ साली मांडली गेलेली ए-स्टार ही रीत आजही पुरते, आणि गोडोत ती चौकोनी पटासाठी तयार मिळते.

यादृच्छिक (रँडम) आकडे जिथे लागतील, तिथे त्यांचे बीज, म्हणजे ज्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो पहिला आकडा, जपून ठेवावे. तेच बीज आणि त्याच चाली दिल्या, तर डाव जसाच्या तसा पुन्हा घडला पाहिजे. ही शिस्त सुरुवातीला लावली नाही, तर मागाहून लागत नाही, हे मी भोगलेले आहे.

शत्रूचे डोके

नवखा माणूस शत्रूला हुशार करण्याच्या नादी लागतो. खेळणाऱ्याला मात्र हुशारीपेक्षा समजण्याजोगा शत्रू हवा असतो, ज्याचा स्वभाव ओळखून त्याला फसवता येते. सर्वांत सोपी रीत गुण देण्याची आहे: लुटारू ज्या ज्या घरात जाऊ शकतो, त्या प्रत्येक घराला गुण द्यावेत आणि सर्वाधिक गुणांचे घर त्याने निवडावे. नाणेघाटात मी तीनच निकष ठेवले. बैलाशेजारच्या घराला अधिक सहा, रखवालदाराशेजारच्या घराला उणे चार, आणि खाली पडलेल्या गोणीच्या घराला अधिक पाच. हा तिसरा निकष केवळ एवढ्यासाठी होता, की वाटेत पडलेल्या गोणीवरून लुटारू आंधळ्यासारखा चालत जाऊ नये.

मग एका रविवारी माझा अकरा वर्षांचा भाचा खेळायला बसला. घाईत त्याने चुकीच्या बैलावर बोट ठेवले, गोणी खाली पडली, आणि शेजारचा बैल सोडून लुटारूने गोणीकडे मोर्चा वळवला.

"मामा, हा बैलाला सोडून गोणीकडे का गेला?"

मी उत्तर दिले नाही. त्याने पुढच्या डावात मुद्दाम गोणी टाकली. लुटारू पुन्हा गेला. तिसऱ्या डावात टाकली, तेव्हा मात्र लुटारू सरळ बैलावर आला, आणि भाचा पडद्याकडे बघत गप्प बसला. मग म्हणाला, "तेव्हा शेजारी रखवालदार होता." हिशेब तोच होता: राखलेल्या बैलाजवळचे घर सहातून चार गेले की दोन गुणांचे, गोणी पाच गुणांची, आणि बेवारस बैल सहा गुणांचा. म्हणजे आमिष तेव्हाच चालते, जेव्हा बैल राखलेला असतो. लुटारू गोणी घेऊन पटाबाहेर जात असल्याने एक गोणी देऊन एक शत्रू कमी करता येतो, आणि चारांतल्या दोन गोण्या वाचवायच्या असल्याने हा सौदा दोनदाच परवडतो. यातले काहीही मी योजलेले नव्हते. चालीसाठी केलेला एक नियम आणि शत्रूसाठी केलेला दुसरा नियम एकमेकांना भिडले आणि तिसरीच गोष्ट निघाली. अशी भिडणारी जोडी सापडली, की बाकीचा खेळ तिच्याभोवती बांधावा. माझ्या खेळाचा तिसरा टप्पा आता हे आमिष खेळणाऱ्याला न सांगता शिकवतो.

दुसऱ्याला खेळताना पाहणे

वरच्या प्रसंगात माझे एकच काम बरोबर झाले, ते म्हणजे मी गप्प बसलो. दुसरा माणूस खेळत असताना समजावून सांगण्याची अनावर इच्छा होते, ती दाबावी. खेळ विकत घेणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसाल. हात कुठे थबकला, कोणते चिन्ह दोनदा दाबले, कोणता मजकूर न वाचता पुढे ढकलला, हे वेळेसह लिहून घ्यावे. 'आवडला का' हे विचारू नये, कारण ओळखीची माणसे हो म्हणतात. 'शेवटच्या पाळीला काय करायचा विचार होता' हे विचारावे.

माणसांच्या जोडीला यंत्रही वापरावे. चित्राशिवाय डाव चालवता येत असेल, तर वाटेल तशा चाली करणारा एक बथ्थड खेळाडू लिहावा आणि त्याच्याकडून हजार डाव खेळवून घ्यावेत. तो वारंवार जिंकत असेल, तर तुमच्या खेळात निर्णयाला किंमत नाही. आकड्यांवरून खेळ तपासण्याचे काम मोठ्या प्रमाणावर 'स्ले द स्पायर' या पत्त्यांच्या खेळाच्या चमूने केले. तो खेळ नोव्हेंबर २०१७ मध्ये अपूर्णावस्थेत विक्रीला आला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाला. मधल्या काळात खेळणारे कोणते पत्ते निवडतात व कोणते टाळतात, याची आकडेवारी गोळा करून त्यांनी तोल साधला.

पडदा आणि देवनागरी

खेळणाऱ्याने निर्णय घेण्याआधी त्याचा परिणाम पडद्यावर दिसावा: बोट ठेवताच पोहोचण्याजोगी घरे उजळावीत, लुटारूचा पुढचा रोख बाणाने दिसावा, आणि चाल मागे घेता यावी. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर भेद ठेवू नये, आकारही वेगळा ठेवावा, कारण काहींना ते दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

खेळ मराठीत ठेवायचा असेल, तर जोडाक्षरांची परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्यावी. 'रखवालदार' कुठेही नीट दिसेल; 'शत्रूच्या हल्ल्यातून निसटलेली गोणी' लिहून पाहावे. जुन्या गोडोमध्ये देवनागरीची अक्षरे सुटी पडत. चौथ्या आवृत्तीपासून ती नीट जुळतात. मुक्त परवान्याचा मुक्ता हा टंक (फॉन्ट) लहान आकारातही वाचनीय राहतो. ओळीची उंची इंग्रजी मजकुरावरून ठरवली, तर वरच्या मात्रा व खालचे उकार कापले जातात, म्हणून चौकटी थोड्या उंच ठेवाव्यात. वाक्ये तुकड्यांनी जोडून बनवू नयेत. 'बैल पळाला' आणि 'गोणी पळाली' यांत क्रियापद बदलते, त्यामुळे 'अमुक' अधिक 'पळाला' अशी जुळणी मराठीत लगेच उघडी पडते.

प्रकाशन

प्रथम इच डॉट आयओ या स्वतंत्र खेळांच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये खेळता येईल अशी आवृत्ती ठेवावी. तिथे विक्रीतला संकेतस्थळाचा वाटा आपणच ठरवतो, आणि तपासणाऱ्याला काही उतरवून (डाउनलोड करून) घ्यावे लागत नाही. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळामागे १०० डॉलर भरावे लागतात; खेळाची विक्री १,००० डॉलरवर गेली, की ते परत मिळतात. स्टीमचा सर्वसाधारण वाटा ३० टक्के आहे. पैसे भरल्यापासून खेळ बाजारात आणेपर्यंत किमान ३० दिवस जावे लागतात आणि 'लवकरच येत आहे' हे पान निदान दोन आठवडे दिसावे लागते, परंतु व्यवहारात ते पान कित्येक महिने आधी लावावे, कारण पहिल्या दिवशीचे ग्राहक त्यातूनच जमतात. वर्षातून तीनदा होणाऱ्या नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या उत्सवात खेळाचा नमुना (डेमो) मांडता येतो, मात्र एका खेळाला ही संधी एकदाच मिळते, म्हणून कच्चा नमुना तिथे खर्ची घालू नये. भारतातून विकताना अमेरिकी करासाठी डब्ल्यू-८बीईएन हा अर्ज भरावा लागतो. तो भरण्यापूर्वी एकदा सीएला भेटावे.

स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. व्यूहरचनेच्या खेळांत पहिला तासभर नुसत्या सूचना वाचण्यात जात असेल, तर खेळणारा खरा पेच पाहण्याआधीच पैसे परत मागतो. म्हणून पहिली खरी निवड पहिल्या पाच मिनिटांत यावी.

खेळ बाहेर पडल्यावर पहिले दोन आठवडे नवे काहीही घालू नये. फक्त तक्रारी वाचाव्यात आणि चुका दुरुस्त कराव्यात. डाव संपताना पडद्याच्या कोपऱ्यात बीजाचा आकडा छापून ठेवावा आणि तक्रार करणाऱ्याकडून तो आकडा, जतन झालेल्या चालींची नोंद व कितव्या पाळीला बिघाड झाला एवढेच मागावे. बीज आणि त्याच चाली टाकून डाव पुन्हा चालवला, की त्याच्या घाटात अडकलेला बैल तुमच्या पडद्यावरही त्याच घरात अडकलेला दिसतो.